तीस दिवस आणि सव्वा महिना

विमा कधी तपासून घ्यायचा, हे विश्वंभर नवगिरेंनी अख्ख्या बार्शीला बोटांवर शिकवलं होतं. पंचवीस वर्षं हा माणूस बचत गटाच्या बैठकीत, शाळेच्या मैदानावर, बाजार समितीच्या ओट्यावर उजवा पंजा वर करून उभा राहायचा आणि एकेक बोट मिटत जायचा. लग्न झालं, अंगठा. मूल झालं, तर्जनी. घर घेतलं, मधलं बोट. नोकरी-धंदा बदलला, अनामिका. आईबाप आपल्यावर अवलंबून झाले, करंगळी. "यातलं काहीही झालं की तीस दिवसांच्या आत माझ्याकडं यायचं. एकतिसाव्या दिवशी आलात तर चहा पाजीन, विमा नाही!" लोक हसायचे, टाळ्या वाजवायचे आणि बहुतेक जण विसरून जायचे.

दोन हजार एकेचाळीसच्या माघात त्यांच्या स्वतःच्या घरात तर्जनी मिटायची वेळ आली. या शहाण्या माणसाने बोट हलवलं नाही.

शर्वरी त्यांची एकुलती एक लेक. सासर त्याच गावात, दहा मिनिटांवर. नवरा सुजय मुळीक जैसलमेरकडे पवनचक्क्यांच्या दुरुस्तीला. तीन महिन्यांतून एकदा घरी. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी झालं. मुलगी झाली. बाराव्या दिवशी नाव ठेवलं मिहिका.

आधी हे तीस दिवस काय होते ते सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथंच अडलं.

त्या काळी जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या टाचेतून दुसऱ्या दिवशी रक्ताचा थेंब घेत. थेंब आधीही घेत, पण तेव्हा त्यात मोजके आजार बघत. आता यंत्र त्या थेंबातली सगळी जनुकं वाचून काढायचं. तीन अब्ज अक्षरांची पोथी, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. आणि बाळाची पोथी कधीच एकट्या बाळाची नसते. अर्धी पानं आईची नक्कल, अर्धी बापाची. आईचं रक्त गरोदरपणात तपासलेलं असायचंच. ते शेजारी ठेवलं की कुठलं पान कुणाकडून आलं हे यंत्र सांगायचं. म्हणजे टोचायचं बाळाच्या टाचेला आणि उघडं पडायचं आईबापाचं.

यावरून मोठं भांडण झालं. कंपन्या म्हणाल्या, लोक आधी अहवाल वाचतील आणि आजार दिसला की मग विमा घ्यायला धावतील. आम्ही काय धर्मशाळा उघडलीय? लोक म्हणाले, तुम्ही आधी वाचाल आणि आम्हाला दारातून हाकलाल. दोघंही खरं बोलत होते. शेवटी सरकारने दोघांच्या डोळ्यांवर पट्टी बांधली. बाळाच्या जिवाला तातडीचा धोका असेल तेवढंच डॉक्टरला लगेच कळायचं. बाकी अहवाल तीस दिवस बंद. कंपनीला दिसणार नाही, आईबापालाही नाही. या तीस दिवसांत आईने किंवा बापाने आपला विमा वाढवून मागितला तर कंपनीने एकही प्रश्न न विचारता द्यायचा. पुढं काय वाट्टेल ते निघो, ते त्यात धरायचं. एकतिसाव्या दिवशी अहवाल उघडला की खेळ संपला. त्यात दिसलेला आजार 'माहीत असलेला' आजार, आणि माहीत असलेल्या आजाराला विमा नाही. या तीस दिवसांना लोक अजाण मुदत म्हणायचे.

आणि आमच्याकडं बाळंतिणीचा सव्वा महिना असतो. अडतीस-चाळीस दिवस. तिनं उंबरा ओलांडायचा नाही, गार पाण्यात हात घालायचा नाही, डोळे जातात म्हणून मोबाइल बघायचा नाही, आणि तिच्यापुढं मरणाधरणाचं काही बोलायचं नाही. कायदा करणाऱ्यांनी तीस आकडा धरला तेव्हा त्यांच्यापैकी एकानेही बाळंतिणीच्या खोलीत डोकावून बघितलं नव्हतं. आणि खोलीतल्यांनी कायद्यात डोकावलं नाही. विश्वंभररावांना मात्र दोन्ही पाठ होतं. म्हणून राग येतो तो त्यांचाच.

चोविसाव्या दिवशी सकाळी शर्वरी बाजेवर कान बांधून बसली होती. खाली शेगडीत ओव्याचा धूर. आई, कौसल्याबाई, अळिवाची खीर घेऊन आल्या. विश्वंभरराव दारात उभं राहून नातीला बघत होते.

"पप्पा, माझं ते वाढवायचं राहिलंय की," शर्वरी म्हणाली. "विमा. मूल झालं की वाढवायचा म्हणून गावाला सांगत फिरता. माझा तोच आहे, नोकरीला लागले तेव्हाचा, चिमणीएवढा."

"शरू!" कौसल्याबाईंनी वाटी आपटली. "बाजेवर बसून काय बोलतीस? तोंडात खीर घाल."

"अगं, मरणाचा नाही, आजारपणाचा आहे तो."

"आजारपण म्हणजे काय सण आहे? ओली बाळंतीण तू. वास्तू तथास्तु म्हणत असती. सव्वा महिना होऊ दे, देवीची ओटी भरून ये, मग काय ते कागद कर."

"लग्नातच करणार होतात ना, पप्पा? तेव्हा म्हणालात, बाळ झालं की दोन्ही एकदम करू."

हे खरं होतं. लग्नाला तीन वर्षं झाली होती. अंगठाही तेव्हा मिटला नव्हता. घरचं काम हे नेहमी दुसऱ्याचं काम झाल्यावर करायचं काम असतं.

विश्वंभररावांनी बायकोकडं बघितलं. एवढं बोलायचं होतं: कौसल्या, गप बस, शरू, इकडं बघ, 'मला माझा विमा वाढवायचा आहे' एवढं या फोनमध्ये बोल. काम संपलं असतं. खीरही गरम राहिली असती. पण ते म्हणाले, "आई म्हणती ते बरोबर आहे. तुला कुठं पळून जायचंय? सव्वा महिना झाला की त्याच दिवशी करू."

"आणि तीस दिवसांचं काय?"

"घरचाच मामला आहे. मी बघतो."

"बघा हं. नाहीतर मला नुसता चहा पाजाल."

तिघंही हसले.

कायद्यात एक चांगलं कलम होतं, आणि ते लोकांनी भांडून मिळवलं होतं. ग्राहकाने विमा वाढवायची इच्छा सल्लागाराच्या कानावर घातली, की ती कंपनीच्या कानावर घातली असंच धरायचं. अर्ज मागून गेला तरी चालेल, बोलल्याची तारीख खरी. गावातल्या अडाणी माणसालाही न्याय मिळावा म्हणून हे होतं. अभयछत्र विमा कंपनीने, जिचं काम विश्वंभरराव करायचे, त्यावर तोड काढली. दर महिन्याला एक यंत्र सल्लागारांना फोन करायचं. ज्यांच्या घरी त्या महिन्यात लग्न, मूल, घर काही झालं असेल त्यांची नावं वाचायचं आणि विचारायचं, या ग्राहकाने तुमच्याकडं इच्छा व्यक्त केली का? हो म्हटलं तर तीन दिवसांत ग्राहकाचा आवाज आणि अर्ज पाठवायचा. नाही पाठवला तर सल्लागाराच्या नावावर लाल खूण. तीन लाल खुणा म्हणजे चौकशी. सगळे सल्लागार काय करणार? अर्ज हातात असेल तरच हो. नाहीतर नाही. "बघू", "करू", "दिवाळीनंतर" असं म्हणणारं प्रत्येक गिऱ्हाईक 'इच्छा नाही' मध्ये जायचं. कंपनीला हे ठाऊक नव्हतं असं कुणी म्हणत असेल तर तो एक तर मूर्ख आहे किंवा कंपनीचा नोकर. ते 'नाही' गोळा करायलाच तर तो फोन होता. पुढं कुणी भांडायला आलंच, तर सल्लागाराचाच आवाज पुढं करायचा.

एकोणतिसाव्या दिवशी विश्वंभरराव सोनाराकडं नातीसाठी वाळे बघत होते. फोन वाजला.

"नमस्कार नवगिरे सर," यंत्र गोड बाईच्या आवाजात म्हणालं. "या महिन्याच्या आपल्या यादीत अकरा ग्राहक आहेत. सुरुवात करू का?"

"करा, करा." त्यांनी एक वाळा बोटावर फिरवून बघितला.

"गहिनीनाथ बोकेफोडे. नवीन घर. इच्छा व्यक्त केली का?"

"नाही."

"अलका देवकर. विवाह."

"नाही." सोनाराला त्यांनी खुणेने सांगितलं, घुंगरू जरा बारीक दाखव.

पाचवं नाव आलं. "शर्वरी सुजय मुळीक. अपत्यजन्म. इच्छा व्यक्त केली का?"

ते थांबले. फार नाही, वाळा ताटलीत ठेवायला लागतो तेवढंच. हो म्हटलं तर तीन दिवसांत तिचा आवाज घ्यायचा, म्हणजे सव्वा महिन्याच्या आत, म्हणजे घरात महाभारत. सव्वा महिन्यानंतर उशिराचा अर्ज करता येतोच. अहवाल स्वच्छ असला की कंपनी तो घेते. आणि आपल्या घरात आहे कुणाला काय? पोरगी कॉलेजात असताना धावण्यात बक्षिसं आणायची.

"नाही," ते म्हणाले.

उरलेली सहा नावंही तशीच गेली. वाळे छान मिळाले.

एकतिसाव्या दिवशी दुपारी अहवाल उघडला. शर्वरीने आईकडून हट्टाने फोन मागून घेतला. मिहिकाच्या डोळ्यांचा रंग पुढं काय होणार ते तिला बघायचं होतं. थोड्या वेळाने तिने हाक मारली. नुसतं "पप्पा." आवाज असा की विश्वंभरराव चष्मा न घालताच आत गेले.

आपलं हृदय म्हणजे अखेर एक स्नायू. त्या स्नायूच्या धाग्यांना आवळायला आणि सैल व्हायला मदत करणारी काही प्रथिनं असतात. ती कशी बनवायची याची कृती जनुकांत लिहिलेली. मिहिकाच्या पोथीत त्यातल्या एका कृतीत काही अक्षरं गळलेली होती. पान आईकडून आलेलं. अशा हृदयाची भिंत वर्षांमागून वर्षं जाड होत जाते, ठोक्याची लय बिघडते, आणि एखाद्या दिवशी जिना चढताना, हसताना, काहीही करताना, थांबते. सगळ्यांचं नाही थांबत. काहींच्यात तो दोष म्हातारपणापर्यंत झोपून राहतो. विश्वंभररावांच्यात झोपला होता. त्यांचा धाकटा भाऊ धनाजी चौतिसाव्या वर्षी कबड्डीच्या मैदानात पडला होता आणि उठला नव्हता. उन्हाचा झटका, असं सगळे म्हणाले होते. विश्वंभररावांनीही तेच सांगत तीस वर्षं काढली होती.

"पाचवीला कोरा कागद ठेवला होता गं सटवाईपुढं," कौसल्याबाई रडायला लागल्या. "हे लिहिलं तिनं?"

"सटवाईनं लिहिलेलं डॉक्टर खोडतात आता, आई," शर्वरी म्हणाली. "विमा लागतो फक्त."

आणि तिने बापाकडं बघितलं. रागाने नाही. माझ्या बापाला यातलं सगळं कळतं, अशा भरवशाने बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं.

आता मात्र सव्वा महिन्याआधी उंबरा ओलांडायला कुणी अडवलं नाही. सोलापूरच्या हृदयाच्या डॉक्टरीण बाईंनी दोघींना तपासलं. त्यांनी समजावून सांगितलं ते असं. दुरुस्तीची सुई निघालेली आहे. चरबीच्या सूक्ष्म थेंबांत रेणूंची जोडी भरलेली असते. ते थेंब रक्तातून हृदयात जातात, चुकलेलं पान शोधतात, गळलेली अक्षरं परत बसवतात. आयुष्यात एकदाच घ्यायची. मात्र भिंत फार जाड व्हायच्या आत. शर्वरीची जाड व्हायला लागली होती. बाळंतपणाच्या ताणाने जरा जास्तच. वर्षभर, फार तर दीड वर्ष हातात होतं.

"बाळाचं काय?" शर्वरीने पहिल्यांदा तेच विचारलं.

"बाळाला पुढच्या आठवड्यात देऊ. नवजात बाळाला जन्मापासूनच संरक्षण असतं, सरकारी. तिची काळजी नाही." डॉक्टरीण बाईंनी पडद्यावर शर्वरीचं नाव उघडलं. "तुमच्या विम्यात मात्र... हा जुना आहे फार. यात ही सुई बसत नाही. मुदतीत वाढवला नव्हता का?"

शर्वरी मिहिकाचं दुपटं नीट करत राहिली.

एकच सुई, एकच आजार, एकच पान. लेकीला मिळणार, आईला नाही. विश्वंभररावांनी मनातल्या मनात घर विकून बघितलं, कौसल्याबाईंचं सोनं विकून बघितलं. सुईच्या निम्म्या किमतीलाही पोचत नव्हतं.

त्या संध्याकाळी जैसलमेरहून सुजयचा फोन आला. शांत स्वभावाचा पोरगा, सासऱ्याला मामा म्हणायचा. मागं वारा घोंगावत होता.

"मामा, मी स्वतः केलं असतं ना. शरूला मी म्हणालो होतो, मी इथून बघतो. ती काय म्हणाली माहितीय? 'पप्पांना वाईट वाटेल, त्यांचंच काम आहे.' तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून, मामा!"

विश्वंभरराव हं म्हणाले. मग रजा कधी मिळेल ते त्यांनी विचारलं.

कलम शर्वरीनेच शोधून काढलं. सव्वा महिना संपला होता, ओटी भरून झाली होती, आणि ती बापाच्या कपाटातली नियमांची पुस्तकं बाजेवर पसरून बसली होती. मांडीवर मिहिका.

"पप्पा, हे बघा! सल्लागाराच्या कानावर घातलं म्हणजे कंपनीच्या. मी तुम्हाला चोविसाव्या दिवशी सांगितलं होतं! आईनं वाटी आपटली, आठवतंय? तुम्ही शपथेवर एवढंच सांगायचं. तुमच्या नावाला बट्टा लागेल, उशीर केला म्हणून. चालेल ना?"

"चालेल," विश्वंभरराव म्हणाले. "न चालायला काय झालं?"

"मग असं तोंड का पाडलंय? जिंकलो आपण!"

तेव्हाच सांगायला हवं होतं. त्या क्षणी, त्या खोलीत, की पोरी, मी फोनवर नाही म्हणून बसलोय. त्यांनी तोंडही उघडलं. मग वाटलं, उद्या सांगू. उद्या ती सुजयशी हसून बोलत होती, म्हणून परवा. परवा मिहिकाला सुई दिली. चांगल्या दिवशी नको. हा माणूस आयुष्यभर लोकांना तारखा पाळायला शिकवत आला आणि स्वतःच्या लेकीला खरं सांगायला त्याला एकही दिवस योग्य वाटेना. आठ दिवस असे गेले. मग शर्वरीने केलेल्या तक्रारीची सुनावणी आली.

सोलापुरात तक्रार निवारण कक्षाची खोली लहानशीच होती. टेबलामागं देवस्थळी मॅडम, निवृत्तीला आलेल्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. एका बाजूला कंपनीचा तरुण प्रतिनिधी. दुसऱ्या बाजूला शर्वरी, मागच्या खुर्चीत विश्वंभरराव. तिने पाठ करून आणलेलं सांगितलं. चोविसावा दिवस, शेगडी, खीर, वाटी. मॅडमनी मान हलवत सगळं लिहून घेतलं. त्यांचा चेहरा मऊ झाला होता.

"माझ्याही मुलीला सव्वा महिना घरात ठेवलं होतं," त्या म्हणाल्या. "कंपनीचं काही म्हणणं?"

प्रतिनिधीने आपल्या फोनवर बोट टेकवलं.

*शर्वरी सुजय मुळीक. अपत्यजन्म. इच्छा व्यक्त केली का?*

मग शांतता. मागं घुंगरांचा बारीक आवाज. मग विश्वंभररावांचा स्वच्छ, सवयीचा आवाज. *नाही.*

शर्वरी वळली नाही. समोरच बघत राहिली. तिचा हात मात्र पदराचं टोक चुरगाळत होता, तो थांबला.

विश्वंभरराव उठले. "मॅडम, तो आवाज माझाच आहे. आणि ते खोटं आहे. तिनं सांगितलं होतं. मीच पुढं ढकललं."

"मग नाही का म्हणालात?"

"तीन दिवसांत अर्ज जमणार नव्हता. लाल खूण लागली असती. आम्ही सगळे असंच करतो."

"सगळे म्हणजे?"

"सल्लागार."

"तुमचं सांगा, नवगिरे. ग्राहकाने इच्छा सांगितलेली असताना तुम्ही असं नाही किती वेळा म्हटलंय?"

विश्वंभररावांना सापळा दिसला. प्रतिनिधीलाही दिसला, तो जरा पुढं सरकला. 'फक्त हिच्या वेळी' असं म्हणावं, तर कदाचित निभावलं असतं. पण ते आणखी एक खोटं झालं असतं, आणि त्या क्षणी त्यांना खोट्याची किळस आली होती. किळस यायला त्यांनी नेमकी हीच वेळ निवडली.

"शेकड्यांनी," ते म्हणाले. "मोजले नाहीत."

देवस्थळी मॅडमनी चष्मा काढला. "शेकड्यांनी खोटं बोललात असं तुम्हीच सांगताय. तेव्हा फायदा तुमचा होता. आज मुलीचा आहे. मग आजचं खरं मी कशावरून धरू? आवाज आहे तो एकच, आणि तो तेव्हाचा आहे." त्यांचा आवाज कडक नव्हता. थकलेला होता. "मला तुमच्या मुलीचं खरं वाटतंय. पण मला वाटून उपयोग नाही. कायद्यात पुरावा लागतो, आणि तो तुम्ही स्वतःच्या तोंडाने देऊन ठेवलात."

निकाल दोन ओळींचा होता. तक्रार फेटाळली. सल्लागाराचा परवाना रद्द. प्रतिनिधीने जाताना विश्वंभररावांशी हात मिळवला, त्यांनी मिळवलाही. पंचवीस वर्षांची सवय.

बाहेरच्या बाकावर शर्वरी बसून होती. ते शेजारी बसले, मध्ये एका माणसाची जागा सोडून.

"कधीपासून ठाऊक होतं?" तिने विचारलं.

"पहिल्यापासून."

"म्हणजे मी पुस्तकं पसरून नाचत होते तेव्हा."

"हो."

"पप्पा, नाही म्हणालात ते समजू शकते मी. खरंच. आईच्या भीतीनं म्हणालात, कंपनीच्या भीतीनं म्हणालात. पण आठ दिवस?" तिने पहिल्यांदा त्यांच्याकडं वळून बघितलं. "त्या आठ दिवसांत मी दुसरं काहीतरी केलं असतं. वकील बघितला असता. आईला साक्षीला आणलं असतं. ती तर तिथंच होती ना, वाटी आपटत. तिचा आवाज कुणी रेकॉर्ड केला नव्हता. तिचं खरं धरलं असतं."

हे विश्वंभररावांच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. खरंच आलं नव्हतं. घरात साक्षीदार होता, आणि एवढी वर्षं विम्यात काढलेल्या माणसाला दिसला नाही, कारण आठ दिवस तो फक्त स्वतःचं तोंड लपवण्यात गुंतला होता.

"अजून आणू," ते म्हणाले. "अपील करू."

"अपिलात नवा साक्षीदार घेत नाहीत. तुमच्याच पुस्तकात आहे."

घरी गेल्यावर कौसल्याबाईंना कळलं. त्यांनी बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी उचलली, मागच्या दारी नेली आणि फोडून टाकली. मग तिथंच पायरीवर बसून राहिल्या. सव्वा महिना कुणी ठरवला, का ठरवला, हे त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं. दमलेल्या बाईला चार दिवस विसावा मिळावा एवढंच त्यात कधीकाळी असावं. त्यात बोलू नको, विचारू नको, हे कुणी घुसडलं कोण जाणे. त्यांना एवढंच कळत होतं की आपण लेकीच्या तोंडात खीर घातली आणि तिचं बोलणं बंद केलं.

जुन्या विम्यात सुई बसत नव्हती, पण छातीतलं यंत्र बसत होतं. काड्यापेटीएवढं. हृदयाची लय बिघडली की ते आतून झटका देतं. रोग बरा होत नाही. माणूस पडतो, पण बहुतेक वेळा परत उठतो. चैत्रात सोलापुरातच ते शर्वरीच्या डाव्या खांद्याखाली बसवलं. सुजय रजा टाकून आला होता. घरी न्यायच्या दिवशी तो खाली औषधं आणायला गेला होता. विश्वंभरराव खोलीत खुर्चीवर, मांडीवर मिहिका. ती आता हसायला लागली होती, कुणाकडंही बघून.

तरुण सिस्टर आत आली, हातात पाटीएवढी स्क्रीन. "मुळीक ताई, शेवटचं एक. यंत्राने झटका दिला की त्याच क्षणी ते तीन नंबरांना फोन लावतं. जवळ राहणारी माणसं द्या. दहा मिनिटांत पोचतील अशी. मिस्टर जैसलमेरला असतात ना? मग ते नकोत."

"सासूबाई," शर्वरी म्हणाली. डावा हात झोळीत होता. "शालन मुळीक. नंबर आहे तुमच्याकडं."

"आहे. दुसरा?"

"शेजारच्या नसीमभाभी. त्या दिवसभर शिलाईवर घरीच असतात." तिने नंबर सांगितला.

"तिसरा?"

शर्वरी विचार करायला लागली. विश्वंभरराव खुर्चीत जरा सरळ झाले. मिहिकाने त्यांचं बोट धरलं होतं.

सिस्टरने त्यांच्याकडं बघितलं आणि हसून म्हणाली, "हे वडील ना तुमचे? जवळच राहतात म्हणालात."

"हो. दहा मिनिटांवर." शर्वरीचा आवाज अगदी साधा होता, भाजीवाल्याला भाव सांगावा तसा. "पण त्यांना नका लावू. ते फोन उचलतात, पण आधी आजचा दिवस कसा आहे ते बघतात."

सिस्टरचं बोट स्क्रीनवर थांबलं. तिला काही कळलं नाही, पण काहीतरी आहे एवढं कळलं. "तिसरी जागा मोकळी ठेवता येत नाही ताई. यंत्र चालूच होत नाही."

विश्वंभररावांनी मिहिकाच्या मुठीतून आपलं बोट सोडवून घेतलं.

"एकशे आठ टाका, सिस्टर," विश्वंभरराव म्हणाले. "अॅम्ब्युलन्स. ती लवकर येईल."

शर्वरीने होकारार्थी मान डोलावली. सिस्टरने आकडे दाबले, आणि यंत्र चालू झालं.